पिंजून आलेली गादी

माय,

तुझी गादी पिंजून आली. लाल रंगाची नवी खोळ आहे, तिच्यावर पिवळी फुलं, आणि शिवण मशीनची. मी दोन दिवस रजेवर असताना मला न विचारता नेलेली ती काल दुपारी दोन माणसांनी टेम्पोतून उतरवली आणि आमच्या संग्रहालयाच्या दुसऱ्या खोलीतल्या चौथऱ्यावर आणून टाकली. टाकल्यावर ती जरा उसळली. तुझ्या हयातीत ती कधी उसळलेली मी पाहिली नाही. जिथे टाकावी तिथे दगडासारखी पडून राहायची. संस्थेचे अध्यक्ष शेजारी उभे होते, लेकीच्या रुखवताचं सामान दारात आल्यासारखे खुशीत. म्हणाले, "मॅडम, हात लावून बघा. बीडातल्या एक नंबर मशीनवर दिली होती. तुमी महिनाअखेर रिटायर होणार, त्याच्या आत करून आणायचीच म्हटलं. आता तुमाला माहेर न्हाई राहिलं, म्हणून आमी केलं समजा." मी हात लावला. मऊ होती. मी म्हटलं, "छान झाली." एवढंच म्हटलं. आयुष्यभर ज्याला त्याला तोंडावर बोलत आलेली मी, आणि तिथे माझ्या तोंडून हे दोनच शब्द निघाले.

तुला आमचं संग्रहालय माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी केजच्या शाळेत इतिहास शिकवत होते, आणि तुझ्या मते पोरांना उगाच जास्त वेळ कोंडून ठेवत होते. तू गेल्यावर घरातली पितळी भांडी वहिनीने घेतली, मी गादी मागितली. वहिनी म्हणाली, "वन्सं, न्या बाई ती. तिच्यात निस्ते गोटेच हायेत." पुढे बीडला जुन्या शाळेच्या इमारतीत हे संग्रहालय उघडलं आणि मुलांना शिकवायला त्यांना बाई हवी होती. मी शाळा सोडून तिकडे गेले. पहिल्या खोलीत निजामाच्या शेवटच्या वर्षी रझाकारांनी मारलेल्यांची आठवण आहे. जळालेल्या घरांचे फोटो, एक गंजलेली बंदूक, आणि नावं कोरलेला काळा दगड. त्यात मामाचं नाव आहे. व्हरांड्यात दुसऱ्या देशांतल्या कत्तलींची छायाचित्रं आहेत, चपलांचे ढीग, चष्म्यांचे ढीग. मी आले तेव्हा दुसऱ्या खोलीत मोडकी बाकं होती. मी म्हटलं, इथे नंतरचं ठेवायचं. फौजा आल्या, निजाम पडला, रझाकार पळाले, आणि त्यानंतरच्या दिवसांत गावोगावी आपल्याच लोकांनी आपल्याच मुसलमान शेजाऱ्यांना मारलं, ते. अध्यक्ष तेव्हा तरुण होते. त्यांच्या आजोबांचा फोटो पहिल्या खोलीत आहे. ते म्हणाले, "मॅडम, पण तिथं ठेवणार काय? त्यांचं तर काहीच उरलं न्हाई." मी म्हटलं, "एक गादी आहे."

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. दिवाळीची सुट्टी आहे. मी औरंगाबादच्या कॉलेजातून घरी आले आहे, दोन वेण्यांची एक वेणी केली आहे आणि स्वतःला फार शहाणी समजते आहे. मुक्तिसंग्रामावर वक्तृत्व स्पर्धा आहे आणि मी चुलीसमोर उभी राहून तुला भाषण म्हणून दाखवते आहे. हात वर करून, आवाज चढवून. रझाकारांच्या गोळीला छाती देणारा माझा शूर मामा, असं काहीतरी. तू भाकरी थापते आहेस. परातीतला आवाज थांबत नाही. भाषण संपलं तेव्हा तू तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवलंस आणि विचारलंस, "मामा काय करायचा गं तुजा?"

"मेंढ्या वळायचा."

"समदेच वळायचे. त्यो काय करायचा?"

तू भाकरी उलटलीस. "मग कावून वरडतीस? तुज्या भाषनात त्यो निस्ता मरतोच. जगतच न्हाई."

मी रडकुंडीला आले होते. तुला दया आली नाही, तुला ती क्वचितच यायची, आणि ते मी तुझ्याकडूनच घेतलं आहे. पण तू सांगायला लागलीस. मामा मेंढरांमागे चालता चालता झोपायचा आणि मेंढरं थांबली की त्यांच्यावर जाऊन आपटायचा. त्याला गुळाची चोरी जमत नसे, कारण मिशीला लागायचा. तो लांडग्यामागे काठी घेऊन धावायचा आणि पालीला भ्यायचा. घरात पाल दिसली की बाहेर जाऊन निजायचा. तू हसत होतीस. भाकरी करपली तरी हसत होतीस. मी तुला मामाबद्दल बोलताना तोवर फक्त डोळे पुसताना पाहिलं होतं. माय, आज इतकी वर्षं मी काळ्या दगडापुढे मुलांना उभं करते आणि पहिल्यांदा पालीचं सांगते. मुलं हसतात. मग मी पुढचं सांगते.

आणि त्याच दुपारी गल्लीत पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज आला. हल्ली तो ऐकू येत नाही. मेंढीच्या आतड्याची तात छेडली की टण्ण व्हायचं आणि पोरं धावायची. आण्णांनी त्याला अंगणात बोलावलं. तुझी गादी बाहेर काढायला गेले तर तू तव्याखालचा जाळ ओढून आत गेलीस आणि गादीवर जाऊन बसलीस. पिठाचे हात तसेच.

"उठ की," आण्णा म्हणाले. "रातभर पाठीत दगडं रुततात."

"तुमी खाली निजा."

"अगं, मानूस दारात आलाय."

"त्याला च्या देते. गादी न्हाई देत."

"हिच्या माहेरची गादी न्हवं, कोर्टातला पुरावा हाय," आण्णा त्या माणसाला म्हणाले. तोही हसला, म्हणाला, "राहू द्या काका, माझी भाबी पण अशीच हाय." तू खरोखर त्याला चहा दिलास, वर गुळाचा खडा दिलास, आणि तो उठून जाईपर्यंत परत गादीवर बसून राहिलीस. आण्णा वैतागून शेतात गेले. भांडी घासताना मी विचारलं, आणि तू पहिल्यांदा आणि शेवटचं सांगितलंस. राख लावलेला हात थांबवला नाहीस. तुझं बोलणं मी नंतर इतक्यांदा मुलांना सांगितलं आहे की आता त्यातलं तुझं किती आणि माझं किती, हे मला कळेनासं झालं आहे. म्हणून आज इथे तुझं तेवढंच लिहिते.

तुझं लग्न ठरलं होतं. धनगराच्या घरात सगळे घोंगडीवर निजणारे. पण सासर शेतकऱ्याचं, तेव्हा आजीने हट्ट धरला की पोर गादी घेऊन जाईल. श्रावणात गावचा पिंजारी तुमच्या अंगणात बसला. त्याच्या भुवया, कान, मिशा कापसाने पांढऱ्या होऊन तो घटकाभरात म्हातारा व्हायचा. आजोबांना म्हणायचा, "धनगराची पोर गादीवर निजणार का बे? घोंगडी रुसंल तुजी." आजोबा म्हणायचे, "तुजी तात माज्याच मेंढीची हाय, लई बोलू नको." त्याची बायको खोळ शिवायची. तिला तू मावशी म्हणायचीस. तिने तुला पिंजलेल्या ढिगात एकदा उडी मारू दिली आणि मग कान धरला. तुझ्या कानात कापूस घालून म्हणाली, आता सासूचं काही ऐकू येणार नाही. आणि गादीला शेवटचा टाका घालून तोंडाने दोरा तोडताना तिने तुला बजावलं, "दोन वर्सांनी हिला पिंजायला मीच येनार. तुज्या सासरी येनार. दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ नको, सांगून ठिवते." तसा रिवाजच होता, ज्याने गादी भरली त्यानेच ती पुढे पिंजायची. तू मान हलवलीस. लहान होतीस. मान हलवायला काय लागतं.

त्याआधीच्या उन्हाळ्यात मामाला रझाकारांनी मेंढरांसाठी मारलं होतं. घरात सुतक फिटलं तरी फिटलं नव्हतं. मग भाद्रपदात फौजा आल्या आणि रझाकार पळाले. "मग आपली मानसं उठली," तू म्हणालीस. पिंजाऱ्याच्या कुटुंबाचं काय झालं, कसं झालं, ते तू सांगितलं नाहीस. आजोबा कुठे होते असं मी विचारलं. "बा घरी व्हता. बाकीचं इचारू नको." मी विचारलं नाही. तू फक्त एवढं सांगितलंस की दुसऱ्या दिवशी आजीने तुला घराबाहेर जाऊ दिलं नाही, पण दाराच्या फटीतून तुला ओढ्याकाठच्या बाभळी दिसत होत्या आणि बाभळींच्या काट्यांना कापूस लागला होता. पांढऱ्या झाल्या होत्या बाभळी. पिंजाऱ्याचं घर फोडलं तेव्हा वाऱ्याने गेला असेल. पाऊस येईपर्यंत तो तसाच होता.

मग तू ताट विसळलंस आणि म्हणालीस, "भावाचं रडले मी समद्या गावासंगं. तिचं रडायला कुनी न्हवतं. गादीत तोंड घालून रडले. ती येते म्हनाली व्हती. आली न्हाई. मग मी कशी दिऊ दुसऱ्याला?"

एवढंच. त्यानंतर माझी बाळंतपणं त्या गादीवर झाली, आण्णा त्या गादीवर आजारी पडून होते, त्यांनी शेवटपर्यंत गोट्यांना शिव्या दिल्या, आणि तू गादी उन्हात टाकायचीस, काठीने झोडायचीस, खोळीला ठिगळ लावायचीस, पण टाका उसवला नाहीस. वापरून वापरून तिला एक उतार आला होता. डाव्या बाजूला, भिंतीकडे, तू कुशीवर निजायचीस तिथे एक खळगा होता.

माझं सगळं शिकवणं या दोन गोष्टींवर चाललं, माय. पालीवर आणि गादीवर. शहरातून तज्ज्ञ लोक यायचे, नरसंहार कसा शिकवावा यावर बोलायचे, चांगलं बोलायचे, मी टिपणं घ्यायची. पण नववीचा वर्ग दुपारचा डबा खाऊन व्हरांड्यात उभा असतो तेव्हा चपलांच्या ढिगाचा फोटो त्यांना फार लांबचा वाटतो. "मॅडम, ते लोक कुठले?" "लांबचे." "मग आपल्याला काय?" म्हणून मी त्यांना दुसऱ्या खोलीत न्यायची. आमच्याकडे कशालाच हात लावायचा नाही, गादी सोडून. गादीला हात धुऊन प्रत्येकाने हात लावायचा. दाबा. काय लागतं? "गोटे." कोणीतरी विचारतोच, "मॅडम, निजू का?" "निज. उठल्यावर प्रश्न विचारीन." मग कोणी निजत नाही. मी विचारते, हा कापूस एवढा गोळा कसा झाला? पिंजला नाही म्हणून. का पिंजला नाही? आणि मी मावशीचं सांगते. कापसाच्या ढिगात मारलेली उडी, धरलेला कान, सासूचं ऐकू न येणं. मुली तिथे हसतात. हसल्या की मला कळतं, आता ती त्यांच्यासाठी जगायला लागली. ती येते म्हणाली होती, एवढं झाल्यावर मी थांबते. मुलं गोट्यांवर परत हात ठेवतात. कोणी सांगत नाही तरी ठेवतात.

एकदा माजलगावकडच्या एका मुलीने विचारलं होतं, "पण मॅडम, आधी त्यांनी मारलं. मग आपण मारलं. फिटलं की." वर्गाला वाटलं आता मी ओरडणार. मी तिला काळ्या दगडापाशी नेलं, मामाच्या नावावर तिचं बोट ठेवलं आणि म्हटलं, याला मावशीने मारलं का? ती म्हणाली, न्हाई. मग कुणाचं फिटलं? घरी जाऊन तिने आजोबांना विचारलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, पोरीला असलं कशाला शिकविता? म्हातारा कालपास्नं जेवंना." मी म्हटलं, "त्यांना विचारा, कोणाची आठवण येते. नाव नका विचारू, ती व्यक्ती काय करायची ते विचारा." त्यांनी फोन ठेवला. पण पुढच्या वर्षी त्यांनी धाकटी पाठवली.

तू असतीस तर म्हणाली असतीस, लई शहानी झालीस. म्हण. फार वर्षांत मला कोणी तसं म्हटलं नाही. इथे सगळे मला भितात, आणि भिणारी माणसं नीट रागावत नाहीत.

गादीशेजारी एक पाटी होती. मीच लिहिली होती. "ही गादी भरल्यापासून पुन्हा पिंजलेली नाही." मला वाटायचं, एवढं पुरे, हुशार माणूस विचार करील. अध्यक्ष दरवर्षी मुक्तिदिनाला पाहुण्यांना ती पाटी वाचून दाखवायचे. त्यांना ती उणीव वाटत होती, हे मला काल कळलं. बाईच्या आईची गादी, तीही माहेरची, आणि आजवर कोणी पिंजून दिली नाही! आपल्याकडे लेकीची गादी गोट्यांची राहणं म्हणजे माहेरची नामुष्की. त्यांनी ते मनाला लावून घेतलं होतं. मावशीचं मी मुलांना सांगत आले, पाहुण्यांना कधी सांगितलं नाही, कारण पाहुण्यांना घाई असते आणि नारळ फोडायचा असतो. त्यांच्यावर मी काय रागावू? गेली कित्येक वर्षं दुसऱ्या खोलीला रंग मिळाला तो त्यांच्यामुळे. मंडळात कोणी म्हणालं की ही खोली बंद करा, तर तेच म्हणायचे, "मॅडम आहेत तोवर न्हाई."

आज सकाळी मी मशीनवाल्याकडे गेले. जुनी खोळ तरी मिळाली तर, निदान मावशीचा एखादा टाका. त्याने टेबलाखालून तेलात काळी झालेली चिंधी काढून दाखवली. "पार इरली होती मॅडम, हात लावला की फाटायची. मशीन पुसायला घेतली." कापूस तोच आहे का, असं विचारलं. "तुमचाच हाय, पण कमी भरला. थोडा नवा घातलाय, पैसे न्हाई लावले." तो चांगल्या मनाने सांगत होता. मी मान हलवली आणि रिक्षात बसले.

साडेदहाला केजहून शाळेची बस आली. मुलांनी हात धुतले. रांगेने गादी दाबली. काय लागतं? सगळे म्हणाले, "काईच न्हाई मॅडम. लई मऊ हाय." मी त्यांना सांगितलं की इथे परवा-परवापर्यंत गोटे होते. का होते ते सांगितलं, उडी सांगितली, कान सांगितला, ती येते म्हणाली होती ते सांगितलं. मुली त्याच जागी हसल्या. मग एक जण म्हणाली, "मॅडम, मग आता ती आली तर?" मी म्हटलं, "आली तर तिला सांगायचं, पिंजून झाली." ती मुलगी मला म्हणाली, "ती लई चिडंल." हो, म्हटलं. लई चिडेल. आणि मुलांनी त्या मऊ गादीवर परत हात ठेवले, कोणी न सांगता. म्हणजे ते अजून चालतं. गोट्यांशिवायही चालतं. मावशी त्या मुलींत गेली. तिची काळजी मी आता करणार नाही.

बस गेल्यावर मी जुनी पाटी काढली. खोटी पाटी मी भिंतीवर ठेवत नाही. नवा मजकूर लिहायला बसले. पहिली ओळ जमली, दुसरी जमेना, आणि मग हे लिहीत गेले. हे काही दुसऱ्या खोलीत ठेवण्यासारखं नाही आणि तुझ्याकडे न्यायला टपालवाला नाही. घडी करून पर्समध्ये राहील.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी खोलीचं दार लावलं आणि त्या गादीवर आडवी झाले. डाव्या बाजूला, भिंतीकडे, कुशीवर. गादी सगळीकडे सारखी आहे. हात फिरवून पाहिला, पाठीने शोधलं. खळगा नाही.

माय, एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मी त्या गादीवर हात ठेवायची. शिपाई, अध्यक्ष, सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना वाटायचं मॅडम मारलेल्या शेजाऱ्यांना नमस्कार करतात. मीही तसंच वाटू दिलं. तो हात मी तुझ्या खळग्यात ठेवायची.